फिरंगरोगाची नामावळी

सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाश’ रचला, तेव्हा चरक-सुश्रुतांच्या संहितांत ज्याला स्थान नव्हते असा एक रोग त्याला आपल्या ग्रंथात नव्याने घ्यावा लागला; आणि त्याचे नाव त्याने लक्षणांवरून न ठेवता, ज्या लोकांबरोबर तो या भूमीवर उतरला असे मानले जात होते त्यांच्यावरून ‘फिरंगरोग’ असे ठेवले. सुश्रुताने ‘उपदंश’ वर्णिला होता खरा, तथापि भावमिश्राने या व्याधीला त्याहून निराळी मानून तिचे बाह्य, आभ्यंतर आणि बहिरंतर्भव असे तीन प्रकार केले आणि तिच्यावर रसकर्पूर व चोपचिनी हे उपचार सांगितले. त्याच चोपचिनीची चर्चा गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या, गोव्यात १५६३ साली छापलेल्या संवादरूप ग्रंथातही आढळते.

परंतु फिरंग्यांचा मुलूख तरी हे नाव स्वीकारण्यास कोठे तयार होता? १४९५ साली फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सचे सैन्य नेपल्समध्ये असता ही साथ उसळली, आणि ते पांगताच ती युरोपभर पसरली. इटलीतील लोक तिला फ्रेंच रोग म्हणू लागले, फ्रेंचांनी ती नेपल्सच्या माथी मारली, रशियनांनी पोलंडच्या, आणि तुर्कांच्या भाषेत तर ती आजतागायत ‘फ्रेंगी’च आहे. व्हेरोनाचा वैद्य-कवी फ्राकास्तोरो याने १५३० साली आपल्या लॅटिन काव्यात सिफिलस नावाच्या मेंढपाळाची कथा रचली आणि त्यातून कोणत्याही देशाला न चिकटणारे ‘सिफिलिस’ हे नाव जगाला मिळाले. परंतु त्या कथेतही रोग हा सूर्यदेवाच्या अवमानाबद्दलचा दंडच होता.

मराठी समाजाने देशाचे नाव बाजूस ठेवून या व्याधीला ‘गरमी’ म्हटले, पूयस्रावाच्या दुसऱ्या व्याधीला प्रमेहावरून ‘परमा’ म्हटले, आणि दोहोंवर मिळून ‘गुप्तरोग’ या शब्दाचे पांघरूण घातले. परक्यावरचा ठपका अशा रीतीने लज्जेत परिणत झाला. आणि सरकारी दफ्तराने ती लज्जा स्त्रीच्याच पदरात बांधली. १८६८ च्या सांसर्गिक रोगांविषयीच्या कायद्यान्वये वेश्यांची नोंदणी व सक्तीची तपासणी जारी झाली, रोगी ठरलेल्या स्त्रियांना इस्पितळात अडकवून ठेवण्यात येऊ लागले. ज्या गोऱ्या शिपायांच्या आरोग्यासाठी हा सारा खटाटोप होता, त्यांच्यावर मात्र तशी सक्ती या कायद्याने केली नाही. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. त्याने दिलेला डाग मात्र कोणत्याही हुकुमाने पुसला गेला नाही.

या मौनाविरुद्ध आपल्या भाषेत निर्भयपणे लिहिले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२७ साली सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९५३ मध्ये आपला अंत होईपर्यंत चालविले, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या तरी बंद केले नाही. शरीराचा व्यवहार नीतीच्या नव्हे, आरोग्याच्या परिभाषेत बोलावा, हा त्यांचा आग्रह होता. त्या आग्रहाला विज्ञानाचा भक्कम आधार होता. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी या रोगाचा मळसूत्रासारखा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला होता, आणि १९४३ पासून पेनिसिलिनने तो बरा होऊ लागला. देश, देव आणि दुराचार यांपैकी एकाचीही आवश्यकता मग रोगाच्या कारणमीमांसेत उरली नाही.

आज वैद्यक ‘लैंगिक संक्रमित रोग’ या पदाऐवजी ‘लैंगिक संक्रमित संसर्ग’ हे पद अधिक पसंत करते, कारण जंतू शरीरात असूनही कित्येकांत कोणतेही लक्षण दिसत नाही, आणि जो स्वतःस रोगी समजत नाही त्यालाही तपासणीची गरज असते. भिंतीभिंतींवर रंगविलेला ‘गुप्तरोग’ हा शब्द मात्र रोग्याला आधी लपण्यास आणि मग भोंदूच्या दारी जाण्यास शिकवितो. आणि या विलंबाची किंमत कधी कधी मातेच्या उदरातील अर्भकाला मोजावी लागते. म्हणून नाव निवडताना एकच कसोटी लावावी असे मला वाटते: ते उच्चारून मनुष्य निःसंकोचपणे डॉक्टरांसमोर बसू शकतो की नाही.