रक्तवाहिनीचा पत्ता

१६२८ साली विल्यम हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा रक्त धमन्यांतून शिरांत नेमके कसे जाते हे त्याला दाखविता आले नव्हते. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी याला बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या दिसल्या आणि तर्काला दृष्टीचा आधार मिळाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच वाहिन्यांविषयी निराळा प्रश्न पुढे आला. जनुकांचा संच शरीरातील बहुतेक सर्व पेशींत एकच असतो. मग एखादे जनुक केवळ रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील पेशींतच बोलके कसे करावे?

जनुक कोठे व्यक्त व्हावे, हे बरेचसे त्याच्या आधी येणारा ‘प्रवर्तक’ हा भाग ठरवितो. १९८२ साली पामिटर, ब्रिन्स्टर आणि सहकाऱ्यांनी घुशीच्या वाढ-संप्रेरकाच्या जनुकाला उंदराच्या दुसऱ्या एका जनुकाचा प्रवर्तक जोडला आणि महाकाय उंदीर जन्मास आले. रक्तवाहिन्यांसाठी ‘टाय-२’ या जनुकाचा प्रवर्तक निवडण्यात आला. ज्या पेशींत तो कार्य करील त्या निळ्या रंगता याव्यात, म्हणून त्याला जीवाणूचे एक जनुक जोडले गेले. १९९५ मध्ये उंदरांच्या गर्भात निळ्या वाहिन्या दिसल्या खऱ्या; पण त्या काहीच होत्या, आणि प्रौढ उंदरात तो रंग उमटेना.

पत्त्याचा उरलेला भाग १९९७ मध्ये थॉर्स्टन श्लेगर, टॉमस सातो आणि सहकाऱ्यांना सापडला. तो होता जनुकाच्या पोटातच, पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाची संहिता तयार होताना जो मजकूर गाळला जातो त्यात. तो तुकडा जोडताच गर्भापासून प्रौढावस्थेपर्यंत जवळजवळ सर्व वाहिन्यांत रंग उमटला. पाठचिकित्सा करणाऱ्यांना यात नवल वाटू नये. अंतिम पाठातून वगळलेला मजकूर निरर्थक असतोच असे नाही.

परंतु कथा येथे संपत नाही. २००१ मध्ये याच पत्त्याच्या आधारे ‘क्रे’ हे विकर उंदरांच्या पेशींत धाडण्यात आले. ते निवडलेले जनुक कायमचे कापून टाकते, आणि तो छेद त्या पेशीच्या सर्व वंशजांत उतरतो. पुढे ध्यानात आले, की रक्तपेशींतही तो छेद आढळतो. त्याचे एक कारण गर्भातच आहे: रक्ताच्या मूलपेशी तेथे वाहिनीच्या भिंतीतूनच जन्म घेतात. तेव्हा ‘वाहिनीतील जनुक काढल्याने हे घडले’ असे जेथे म्हटले गेले, तेथे कर्ती रक्तपेशीही असू शकत होती. म्हणून असे निष्कर्ष पुन्हा तपासून पाहणे भाग पडले. नंतर प्रौढ वयात औषध देऊनच जागे होणारे ‘क्रे’ वापरात आले, ते ही सरमिसळ टाळण्यासाठी.

‘रक्त’ आणि ‘वाहिनी’ हे भेद आपल्या भाषेचे आहेत. गर्भाने ते आरंभापासून पाळलेले नाहीत. पत्ता अचूक लिहिला होता. एका घरात दोन कुळे नांदत होती, हे मात्र लिहिणाऱ्यांना उशिरा उमगले.