लाकडी विमानपंख
विमानविद्येच्या आरंभकाळातील पंखरचनेचा प्रकार. राइट बंधूंच्या १९०३ मधील विमानाचे पंख स्प्रूस व ॲश या लाकडांचे असून त्यांवर मलमलीचे आच्छादन होते.

पंखाच्या लांबीतील तुळई भार पेलते, तर तिच्यावरील आडव्या फासळ्या पंखाला आकार देतात. फासळ्यांच्या बारीक पट्ट्या साच्यात वाकवून चिकटवितात व सांध्यांवर प्लायवुडचे तुकडे बसवितात. अवजड यंत्रे लागत नसल्याने जुन्या विमानांच्या प्रतिकृती घरी बनविणारे हौशी कारागीर अद्यापही ही पद्धत अवलंबितात.

पंखाचे बल सांध्यांवर अवलंबून असते. दुधातील केसिनापासून केलेला सरस दमट हवेत बुरशीमुळे कमकुवत होई. म्हणून पुढे संश्लिष्ट रेझिनांचा वापर वाढला. १९४४ मध्ये भारतात मॉस्किटो या लाकडी लढाऊ विमानांना अपघात झाले; तपासणीत पंखांचे सांधे सदोष आढळल्याने ती काही काळ उड्डाणातून काढून घेण्यात आली. ‘रोहिणी’ हे भारतीय बनावटीचे दोन आसनी ग्लायडर १९६१ मध्ये प्रथम उडाले, तेही लाकडीच होते. हडपसर (पुणे) येथील केंद्रासारख्या ठिकाणी ग्लायडिंगचे शिक्षण दिले गेले.

सांध्यातील दोष वरून दिसत नाही. म्हणून सरसाच्या प्रत्येक खेपेचा नमुना-सांधा मोडून पाहतात. चिकटलेला भाग न सुटता लाकूड तुटले, तरच तो सांधा विश्वसनीय मानतात.