बीएस्सी, एमएस्सीनंतर परदेशात ‘पीआर’ : कोणत्या देशात किती वर्षं, आणि सातबाऱ्याचं काय?

सातारा / सांगली : विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली, त्याला पिढ्या झाल्या. त्यांना तिथं राहायला कुणाचा व्हिसा लागला नाही. आता एमएस्सी झालेला पोरगा किंवा पोरगी परदेशात जायचं म्हणते तेव्हा घरात पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा, ‘तिथं कायमचं राहायला मिळंल का?’ एजंटाच्या फलकावर याचं उत्तर ‘पीआर पक्का’ असं दोन शब्दांत असतं. प्रत्यक्षात प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा आहे. खालची माहिती 2025 अखेरच्या नियमांवर आधारलेली आहे. हे नियम सारखे बदलतात, त्यामुळे अर्जाआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहूनच घ्यावं.

पीआर म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. ते नागरिकत्व नव्हे, पासपोर्ट भारताचाच राहतो. आणि नुसत्या पदवीवर पीआर सहसा मिळत नाही. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला ठराविक मुदत मिळते, शिक्षणाला साजेशी नोकरी लागली की वर्षं मोजायला सुरुवात होते. नोकरी लागलीच नाही तर व्हिसा संपतो आणि कर्ज मागे राहतं.

कोल्हापूरमार्गे कोरिया

आपल्या भागातल्या विज्ञानाच्या मुलांची एक जुनी वाट दक्षिण कोरियाची आहे. शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रात पीएचडी केलेले, त्यातही पातळ थर (थिन फिल्म) आणि नॅनो पदार्थांवर काम करणारे अनेक संशोधक तिथल्या विद्यापीठांत पोस्टडॉक करून आले, काही तिथंच राहिले. या वाटेची चांगली बाजू म्हणजे घरचा पैसा घालावा लागत नाही, उलट पगार मिळतो. पीएचडी तिथंच करायची असेल तर कोरिया सरकारची जीकेएस शिष्यवृत्ती आहे. त्यात फी, विमानभाडं, महिन्याचा खर्च आणि एक वर्ष भाषेचं शिक्षण येतं.

अडचण पुढं येते. पोस्टडॉकची नेमणूक बहुतेकदा वर्षा-वर्षाच्या कराराची असते. राहायचं असेल तर एफ-2-7 हा गुणांवर मिळणारा निवास व्हिसा काढावा लागतो. वय, शिक्षण, उत्पन्न आणि कोरियन भाषा यांचे मिळून किमान 80 गुण लागतात. त्यावर तीन वर्षं राहिल्यानंतर उत्पन्नाची अट पुरी होत असेल तर एफ-5, म्हणजे पीआरचा अर्ज करता येतो. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागतं म्हणून भाषा शिकायची राहून जाते आणि गुण नेमके तिथंच कमी पडतात.

जर्मनी : पैसे कमी, भाषा जास्त

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. ही फी नव्हे. पैसे विद्यार्थ्याचेच असतात आणि तिथं गेल्यावर महिन्याला 992 युरोप्रमाणे हातात पडतात. हाच आकडा ‘युनिव्हर्सिटी फी’ म्हणून कुणी सांगत असेल तर तिथून उठलेलं बरं. भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्र पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्रही काढावं लागतं.

पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. जर्मन विद्यापीठाची पदवी असेल तर शिक्षणाला साजेशी दोन वर्षं नोकरी, 24 महिन्यांचा पेन्शन हप्ता आणि बी-1 पातळीची जर्मन भाषा यांवर पीआर मागता येतो. ब्लू कार्ड असेल तर बी-1 भाषेसह 21 महिने, नुसत्या ए-1 वर 27 महिने. मोठ्या देशांत सरळ आणि लवकर होणारा हिशेब सध्या हाच दिसतो. फक्त एमएस्सी इंग्रजीत असली तरी कंपनी जर्मन विचारते. त्यामुळे भाषेचा क्लास इथंच, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून लावलेला फायद्याचा.

कॅनडा आणि अमेरिका

कॅनडात मास्टर्स केल्यावर तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं. त्यात एक वर्ष कुशल कामाचा अनुभव घेऊन एक्सप्रेस एंट्रीत नाव घालता येतं. तिथं वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजतात. वयाचे पूर्ण गुण 20 ते 29 या वयातच मिळतात. एजंट बहुतेकदा मास्टर्सऐवजी स्वस्तातला कॉलेज डिप्लोमा गळ्यात मारतात. 1 नोव्हेंबर 2024 नंतर स्टडी परमिटचा अर्ज केलेल्यांना डिप्लोमावर वर्क परमिट हवं असेल तर तो ठरवून दिलेल्या विषयांतलाच लागतो. बनावट प्रवेशपत्रांवर गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचं प्रकरण 2023 मध्ये गाजलं. त्यानंतर 1 डिसेंबर 2023 पासून प्रत्येक पत्राची कॉलेजकडून खात्री केली जाते.

अमेरिकेत विज्ञान पदवीधरांना ओपीटीचे 12 आणि वाढीव 24 असे तीन वर्षं काम करता येतं. पुढं एच-1बी, त्याला लॉटरी. वर्षाला जागा 85 हजार. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्थांना मात्र ही मर्यादा नाही, म्हणून पीएचडीवाल्यांना जरा बरं. खरी कोंडी ग्रीन कार्डाची. एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांच्या ईबी-2 गटात 2025 साल संपतानाही 2013 सालचे अर्ज निघत होते. आज जाणाऱ्यानं ग्रीन कार्ड धरून कर्जाचं गणित मांडू नये.

बाकीचे देश

ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं, पीएचडीला तीन वर्षं थांबता येतं. 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दोनऐवजी 18 महिने मिळतील. हा काळ कुशल नोकरीवरच्या पीआरसाठी धरत नाहीत. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळतात, आणि क्रिटिकल स्किल्स परमिटवर दोन वर्षं काम केलं की परमिटशिवाय कुठंही नोकरी करण्याची मुभा देणारा स्टॅम्प 4 मिळतो. औषध कंपन्या भरपूर, म्हणून केमिस्ट्री-मायक्रोबायोलॉजीवाल्यांनी पाहण्यासारखा देश. ऑस्ट्रेलियात पदवीनंतरच्या व्हिसाला वयाची अट 35 केली आहे.

जमीन विकण्याआधी

बहुतेक सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागत नाहीत. त्यापुढे घर, एनए प्लॉट किंवा मुदतठेव लागते. शेतजमीन बहुतेक बँका धरत नाहीत, म्हणून काही घरं थेट एकर-दोन एकर काढतात. ‘पोरगा कमवायला लागला की परत घेऊ’ असा विचार असतो. पण परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फेमा कायद्यानुसार इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, कुणी बक्षीसपत्रानं देऊही शकत नाही. वारसानं आलेली जमीन तो ठेवू शकतो, सातबाऱ्यावर वारस म्हणून नावही लागतं. म्हणजे असलेली जमीन राहील, विकलेली त्याच्या नावावर परत येणार नाही.

त्याआधी शिष्यवृत्ती पाहावी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी समाजासाठी सारथीची योजना आहे. दोन्हीकडे जागा 75 आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट.

नावाची भानगड

पीआरच्या फाईली साध्या गोष्टीवर अडतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. वडलांचं नाव दहावीला ‘बाळासो’, आधारवर ‘बाळासाहेब’. परदेशातला अधिकारी ही दोन माणसं समजतो. राजपत्रात नाव दुरुस्ती करून विद्यापीठातून कागद बदलायला महिने जातात, म्हणून हे काम पदवीच्या शेवटच्या वर्षातच काढावं, पासपोर्टच्या आधी.