आख्यात (मराठी व्याकरण)

आख्यात म्हणजे धातूला विशिष्ट प्रत्यय लागून तयार झालेले क्रियापदाचे रूप. 'बस' हा धातू असून 'बसतो', 'बसला', 'बसेल', 'बसावे' ही त्याची आख्यातरूपे होत. काळ, अर्थ, पुरुष, वचन आणि काही रूपांत लिंग यांनुसार या रूपांत जो बदल होतो, त्यास आख्यातविकार म्हणतात. शालेय भाषेत यालाच 'क्रियापद चालवणे' असे म्हटले जाते. मराठी आख्यातांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांतील काही रूपे लिंगानुसार बदलतात आणि काही बदलत नाहीत. तसेच रूपाचे नाव आणि त्यातून व्यक्त होणारा काळ यांचा मेळ प्रत्येक वेळी बसतोच असे नाही.

इतिहास

'आख्यात' ही संज्ञा प्राचीन आहे. यास्काच्या निरुक्तात पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग केलेले आहेत. पाणिनीने क्रियारूपांना 'लट्', 'लोट्', 'लङ्' अशी अर्थनिरपेक्ष नावे दिली. ही नावे काळ सांगत नाहीत, केवळ रूपाची ओळख पटवतात.

विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि शाळांतून दीर्घकाळ शिकवले गेले. पुण्याचे कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी 'शालापत्रक' मासिकातून मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या अनेक मतांची चिकित्सा केली. या परंपरेतील सर्वांत विस्तृत ग्रंथ म्हणजे मोरो केशव दामले (१८६८–१९१३) यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११). दामले हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. प्रत्ययावरून आख्याताचे नाव ठेवण्याची पद्धत मुख्यतः दामल्यांच्या ग्रंथामुळे प्रचलित झाली. पुण्यातील कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती १९७० मध्ये सिद्ध केली.

आख्यातांचे प्रकार

प्रत्ययावरून मराठी आख्यातांचे पुढील आठ प्रकार सांगितले जातात. कंसातील संज्ञा त्या रूपाच्या मुख्य उपयोगाची आहे.

१. प्रथम ताख्यात – बसतो (वर्तमानकाळ)
२. द्वितीय ताख्यात – बसता (संकेतार्थ)
३. लाख्यात – बसला (भूतकाळ)
४. ई-आख्यात – बसे (रीतिभूतकाळ)
५. ई-लाख्यात – बसेल (भविष्यकाळ)
६. ऊ-आख्यात – बसू, बस, बसो (आज्ञार्थ)
७. वाख्यात – बसावे (विध्यर्थ)
८. चाख्यात – बसायचा (रीतिभूतकाळ)

'बसणे' या नियमित धातूची रूपे

वर्तमानकाळ: मी बसतो (पु.), बसते (स्त्री.), आम्ही बसतो, तू बसतोस, बसतेस, तुम्ही बसता, तो बसतो, ती बसते, ते बसते, अनेकवचनी तिन्ही लिंगांत बसतात.

भूतकाळ: मी बसलो, बसले, आम्ही बसलो, तू बसलास, बसलीस, तुम्ही बसलात, तो बसला, ती बसली, ते बसले, ते बसले, त्या बसल्या, ती बसली.

भविष्यकाळ: मी बसेन, आम्ही बसू, तू बसशील, तुम्ही बसाल, तो, ती, ते बसेल, अनेकवचनी बसतील.

आज्ञार्थ: मी बसू? आम्ही बसू, तू बस, तुम्ही बसा, तो बसो, ते बसोत.

विध्यर्थ: मी, तू, त्याने, तिने, त्यांनी बसावे.

भूतकाळी रूप नियमित प्रत्ययाने न होणारे धातू थोडे असले तरी ते रोजच्या वापरातील आहेत: जाणे – गेला, येणे – आला, करणे – केला, होणे – झाला, मरणे – मेला, देणे – दिला, घेणे – घेतला, खाणे – खाल्ला.

आदरार्थी अनेकवचनाचा परिणाम आख्यातावरही होतो. 'आई बसली', परंतु 'आजी बसल्या'. 'भाऊ आला', परंतु 'गुरुजी आले'.

सकर्मक धातू

भूतकाळात सकर्मक धातूचे क्रियापद सामान्यतः कर्त्याप्रमाणे न चालता कर्माप्रमाणे चालते. 'रामाने घोडा सोडला', 'रामाने गाय सोडली', 'रामाने वासरू सोडले' या वाक्यांत कर्ता एकच असूनही क्रियापद बदलते. कर्ता 'सीतेने' असा बदलला तरी क्रियापदात फरक पडत नाही. हा कर्मणी प्रयोग होय. कर्माला विभक्तिप्रत्यय लागला की क्रियापद कर्माशीही जुळत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात राहते: 'रामाने गाईला सोडले'. हा भावे प्रयोग होय. 'तू गाय सोडलीस' या वाक्यात 'सोडली' हा भाग कर्माचे लिंग दाखवतो, तर शेवटचा 'स' कर्त्याचा द्वितीय पुरुष दाखवतो. अशा रचनेला कर्तृ-कर्मसंकर प्रयोग असे नाव आहे.

कर्म असूनही काही धातू भूतकाळात कर्त्याप्रमाणेच चालतात. 'मी धडा शिकलो', 'ती नाव विसरली' ही त्याची उदाहरणे. अशा धातूंची यादी लक्षात ठेवावी लागते.

रूपांचा उगम

काही रूपांना लिंग का असते आणि काहींना का नसते, याचे उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. ताख्यात, लाख्यात आणि वाख्यात ही मुळात संस्कृत-प्राकृतातील कृदन्तांपासून, म्हणजे धातूपासून बनलेल्या विशेषणांपासून आली आहेत. विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, म्हणून 'बसला, बसली, बसले' हा बदल होतो. संस्कृतात सकर्मक धातूचे भूतकालवाचक कृदन्त कर्माचे विशेषण असते आणि कर्ता तृतीयेत असतो. 'रामाने गाय सोडली' ही रचना त्याच वळणाची आहे. वाख्यातामागे संस्कृतातील 'तव्य' प्रत्यय आहे. म्हणून 'त्याने आंबा खावा', 'त्याने पोळी खावी' असे तेही कर्माप्रमाणे बदलते.

याउलट ई-आख्यात, ई-लाख्यात आणि ऊ-आख्यात ही रूपे जुन्या तिङन्तांपासून, म्हणजे पुरुष-वचनाचे प्रत्यय लागलेल्या खऱ्या क्रियारूपांपासून आली. संस्कृत क्रियारूपात लिंग नसते, म्हणून 'तो बसे, ती बसे' आणि 'तो बसेल, ती बसेल' यांत भेद नाही. आज रीतिभूतकाळ दाखवणारे 'बसे' हे रूप मुळात वर्तमानकाळाचे होते. त्याला 'ल' जोडून 'बसेल' हे भविष्यकाळाचे रूप सिद्ध झाले.

इटालियन भाषेतही अशीच विभागणी आढळते. 'पार्लारे' (बोलणे) या नियमित धातूची वर्तमानकाळी रूपे पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो अशी पुरुष-वचनानुसार बदलतात, लिंगानुसार नाही. मात्र 'तो गेला' आणि 'ती गेली' यांसाठी इटालियनमध्ये 'ए आन्दातो' आणि 'ए आन्दाता' अशी भिन्न रूपे आहेत, कारण तेथेही भूतकाळ कृदन्ताच्या साहाय्याने होतो.

रूप आणि अर्थ

आख्याताला काळाचे नाव दिले की त्या रूपाचा उपयोग त्याच काळी होतो, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. प्रत्यक्षात एकच रूप अनेक अर्थांनी योजले जाते.

'उद्या मी साताऱ्याला जातो' – रूप ताख्याताचे, काळ भविष्य.
'थांब, हा मी आलोच' – रूप लाख्याताचे, क्रिया अजून व्हायची आहे.
'पाऊस पडला तर पेरणी होईल' – रूप लाख्याताचे, अर्थ संकेताचा.
'एव्हाना तो घरी पोहोचला असेल' – 'असेल' हे भविष्याचे रूप, अर्थ तर्काचा.
'महाराज रायगडावर येतात आणि दरबार भरतो' – रूप ताख्याताचे, प्रसंग भूतकाळातील.

'बसतो' हे रूप वर्तमानकाळाचे, तसेच 'मला वेळ असता तर मी बसतो' या वाक्यात संकेतार्थाचेही असू शकते. आज या अर्थी 'बसलो असतो' असे म्हणण्याकडे कल आहे. 'आम्ही बसू' हे रूप आज्ञार्थ, भविष्यकाळ आणि रीतिभूतकाळ या तिन्ही ठिकाणी सारखेच आहे. म्हणून आधी प्रत्ययावरून रूप ओळखावे आणि नंतर वाक्यावरून काळ व अर्थ ठरवावा, असा क्रम उपयुक्त ठरतो. 'लाख्यात' किंवा 'ताख्यात' ही नावे प्रथमदर्शनी रुक्ष वाटली तरी त्यांचे प्रयोजन हेच आहे.

संयुक्त काळ आणि नकार

शालेय व्याकरणात प्रत्येक काळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार उपप्रकार मानतात. त्यांतील बहुतेक रूपे 'असणे' या सहायक क्रियापदाने होतात: बसत आहे, बसला आहे, बसत असतो, बसत होता, बसला होता, बसत असे, बसत असेल, बसला असेल. रीतिभविष्यासाठी 'बसत जाईल' असे रूप दिले जाते.

नकारार्थी वाक्यात रूपव्यवस्था बदलते. 'तो बसतो' आणि 'ती बसते' यांतील लिंगभेद 'बसत नाही' या रूपात नाहीसा होतो. 'बसेल' याचा नकार 'बसणार नाही' असा होतो, 'बस' याचा 'बसू नकोस' आणि 'बसावे' याचा 'बसू नये'.

प्रमाण लेखन आणि बोली

परंपरागत व्याकरणात भविष्यकाळी अकर्मक धातूंना 'ए' (बसेन, बसेल) आणि सकर्मक धातूंना 'ई' (करीन, करील) असा भेद सांगितला आहे. आजच्या बोलण्यात, पुण्यातही, 'करेन, करेल' ही रूपे सर्रास आढळतात आणि लेखनातही ती येतात. 'करीन' हे जुने व व्याकरणसंमत रूप असले तरी 'करेन' म्हणणारा अर्थाच्या दृष्टीने कोणतीही चूक करत नाही; अकर्मक धातूंचा नमुना त्याने सकर्मक धातूंना लावलेला असतो.

प्रमाण मराठी ही मुख्यतः पुणे परिसरातील सुशिक्षितांच्या भाषेवर आधारलेली आहे. तरी तेथील बोलण्यातही लेखी रूपांपेक्षा वेगळी रूपे असतात. 'बसत आहे' याचे 'बसतोय', 'बसतेय' असे होते, 'बसला आहे' याचे 'बसलाय', आणि नपुंसकलिंगी 'बसले' याचा उच्चार 'बसलं' असा होतो. औपचारिक लेखनात 'बसले' असे लिहितात. कथा-कादंबरीतील संवादांत मात्र 'बसलं' हे उच्चारानुसारी रूप रूढ आहे.