रस्सा पांढरा का होतो? एका पातेल्याचा इतिहास

कोल्हापुरात मटणाचं ताट मांडलं की दोन वाट्या येतात, तांबड्याची आणि पांढऱ्याची. बाहेरच्या पाहुण्याला ते दोन वेगळे पदार्थ वाटतात. स्वयंपाक करणाऱ्याला माहीत असतं की दोन्हींचं मूळ एकाच पातेल्यात आहे: हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं पाणी, म्हणजे अळणी. (नाव अळणी असलं तरी त्यात मीठ असतंच, फक्त तिखट नसतं.) त्यात चटणी पडली की तांबडा, नारळाचं दूध पडलं की पांढरा.

आता जपानच्या क्युशू बेटावर चला. तिथलं टोंकोत्सू रामेन म्हणजे डुकराच्या हाडांच्या रश्श्यातले नूडल्स. हा रस्साही दुधासारखा पांढरा असतो, पण त्यात नारळ नाही, काजू नाही, खसखस नाही. निव्वळ हाडं आणि पाणी. मग तो पांढरा कसा?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या प्रश्नाशी जरा थांबावं. दोन नमुने एकसारखे दिसतात म्हणून त्यांचं कारणही एकच, असं आपण फार पटकन धरून चालतो. इथे एका पातळीवर कारण खरंच एक आहे: पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत असतात आणि ते प्रकाश सगळीकडे विखुरतात. दूधही त्याच कारणाने पांढरं दिसतं. पण ते थेंब आले कुठून आणि त्यांना धरून कोण ठेवतं, हे विचारलं की दोन पातेली वेगळी होतात. टोंकोत्सूत हाडातली मज्जा आणि चरबी तासन् तास खळाखळा उकळून फोडली जाते. हाडाभोवतीच्या कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि ते त्या थेंबांना एकत्र येऊ देत नाही. पांढऱ्या रश्श्यात थेंब नारळाच्या तेलाचे असतात आणि त्यांना नारळातलीच प्रथिनं सांभाळतात. ती प्रथिनं उष्णतेला नाजूक असतात. म्हणून घरी बजावलेलं असतं की नारळाचं दूध घातल्यावर रश्श्याला उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर तो फाटतो. म्हणजे रंग तोच, पण जाळाचा नियम बरोबर उलटा.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. डुकराची हाडं आपल्याकडे सगळ्यांच्या घरात चालत नाहीत, पण बकऱ्याचे पाय चालतात आणि जिलेटिनच्या बाबतीत ते मुळीच कमी नाहीत. खाटकाकडून पाये तोडून आणा, सोबत दोन-चार नळ्या घ्या. आधी पाच-दहा मिनिटं उकळून ते पाणी फेकून द्या, हाडं धुऊन घ्या. रक्त आणि मळी तिथेच गेली नाही तर रस्सा करडा होतो. मग उघड्या पातेल्यात मोठ्या आचेवर आठ-दहा तास, पाणी घालत घालत. एवढा गॅस कोण जाळणार, म्हणून कुकर. पण एक गंमत आहे. बारीक गॅसवर, शिट्टी न होऊ देता कुकरमध्ये दोन तास ठेवलं तर जिलेटिन भरपूर उतरतं, पण रस्सा बऱ्यापैकी नितळ राहतो. आत तापमान 120 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, पण दाबामुळे पाणी खळखळत नाही आणि चरबी फुटत नाही. झाकण काढून अर्धा-पाऊण तास जोरात उकळा, डोळ्यांदेखत पांढरा होईल. तापमानाचं काम वेगळं आणि घुसळण्याचं काम वेगळं, हे एका संध्याकाळी समजतं.

या कुकरचा जन्मच मुळी हाडांसाठी झाला. डेनी पापँ हा फ्रेंच माणूस लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलकडे काम करत होता. त्याने 1679 मध्ये रॉयल सोसायटीला आपलं ‘डायजेस्टर’ दाखवलं आणि 1681 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. घट्ट झाकणाचं भांडं, वर वजन लावलेला सुरक्षा-व्हॉल्व्ह. उद्देश हाडं मऊ करण्याचा. 1682 च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सदस्यांना त्याने यात शिजवलेलं जेवण घातलं. जॉन एव्हलिनने रोजनिशीत लिहून ठेवलंय की गाय-मेंढीची कठीण हाडं चीजसारखी मऊ झाली होती.

हाड विरघळतं म्हटल्यावर पुढचा मोह ठरलेलाच: फेकून दिल्या जाणाऱ्या हाडांवर गरिबांना जगवता येईल का? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये रसायनतज्ज्ञ दार्से याने हाडांतून जिलेटिन काढण्याची पद्धत बसवली आणि जिलेटिनचं सूप रुग्णालयांत जाऊ लागलं. हिशेब सोपा होता. मांसात नायट्रोजन, जिलेटिनमध्ये नायट्रोजन. मांस पौष्टिक, म्हणून जिलेटिन पौष्टिक. पानात काय पडतंय याबद्दल तक्रार करायची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांच्यावर हा तर्क वाढला गेला.

शंका आल्या, वाद झाला, विज्ञान अकादमीने समिती नेमली. फ्रान्स्वा माजँदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तिचा अहवाल 1841 मध्ये मांडला. कुत्र्यांना नुसत्या जिलेटिनवर ठेवलं तर ते काही दिवसांनी तोंड फिरवतात, खंगतात, मरतात. पण अहवालाचा खरा धक्का वेगळा होता. शुद्ध केलेलं अल्ब्युमिन किंवा फायब्रिन एकेकटं दिलं तरी कुत्रे टिकत नव्हते. म्हणजे ‘अमुक घटक पौष्टिक आहे का’ हा प्रश्नच अपुरा होता. का, ते समजायला 1901 उजाडावं लागलं. त्या वर्षी हॉपकिन्स आणि कोल यांनी ट्रिप्टोफॅन वेगळं केलं, आणि जिलेटिनमध्ये नेमकं तेच नसतं हे पुढे उघड झालं. माजँदीकडे हा शब्दही नव्हता, तरी त्याचा निष्कर्ष टिकला. मला तरी या सगळ्या कथेतला सगळ्यात मोठा माणूस तोच वाटतो, कारण स्पष्टीकरण हाताशी नसताना त्याने ते बनवलं नाही.

आपल्याकडे हाड मोडलं की पाया सूप सांगतात. तालमीतला पोरगा नळी चोखतो ती ताकदीसाठी. जिलेटिन हे काही निरुपयोगी नाही. भाकरी, डाळ, मटण सोबत असेल तर जे त्यात नाही ते दुसरीकडून मिळतं. पण ‘हाडातून हाडात’ हा हिशेब दार्सेच्या नायट्रोजनसारखाच आहे, ऐकायला सरळ आणि तपासायला कठीण.

यूस्टस फॉन लीबिशचं थोडक्यात सांगते. त्याने 1847 मध्ये मांसाच्या अर्काचा गाजावाजा केला, 1865 मध्ये कंपनी उभी राहिली आणि उरुग्वेतल्या फ्राय बेंतोसहून अर्काच्या बरण्या युरोपात येऊ लागल्या. अर्कात मांसाचं पोषण नाही हे सिद्ध झालं तरी खप थांबला नाही. लोकांना तो चविष्ट लागत होता. चव आणि पोषण यांची गल्लत इथपर्यंत चालली.

ती गल्लत सोडवली तोक्योत. किकुनाए इकेदा जर्मनीत विल्हेल्म ओस्टवाल्डकडे शिकून आलेला भौतिक-रसायनतज्ज्ञ. कोंबू या समुद्री शैवालाच्या पाण्यात जी चव आहे ती गोड, आंबट, खारट, कडू यांत बसत नाही, मग ती कशाची? 1908 मध्ये त्याला ग्लुटामेट सापडलं. त्या चवीला त्याने ‘उमामी’ म्हटलं. 1913 मध्ये त्याचा शिष्य शिंतारो कोदामा याने सुकवलेल्या बोनितो माशात इनोसिनेट शोधलं. नंतर अकिरा कुनिनाका याने दाखवलं की ही दोन्ही एकत्र आली की चव बेरजेने नाही, कितीतरी पटींनी वाढते. रामेनवाले हाडांच्या रश्श्यात कोंबू किंवा सोया सॉस मिसळतात त्याचं उत्तर यात आहे. इकेदाचा 1909 चा लेख जपानीत होता. त्याचं इंग्रजी भाषांतर आलं 2002 मध्ये, त्याच सुमारास जिभेवरचे उमामीचे ग्राहक-रेणूही सापडले. मराठीत लिहिताना मला हे अधूनमधून आठवतं.

आपल्या अळणीत इनोसिनेट मांसातून येतं. मग ग्लुटामेटचा वाटा कशाचा, परतलेल्या कांद्याचा, लसणाचा, की काही घरांत पडणाऱ्या टोमॅटोचा? एचपीएलसी असलेल्या कुठल्याही विभागात एमएस्सीच्या प्रकल्पाला हा प्रश्न पुरेल.

राहिला प्रश्न उगमाचा. टोंकोत्सूबद्दल कुरुमे गावात सांगतात की 1947 मध्ये एका दुकानात हाडांचं भांडं चुकून जास्त वेळ उकळत राहिलं आणि नितळ रस्सा पांढरा झाला. पांढऱ्या रश्श्याबद्दल आपण सांगतो की तो राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आला. दोन्ही गोष्टी विकणाऱ्याच्या तोंडी शोभतात. कुरुमेची गोष्ट निदान रसायनाशी जुळते. आपली तपासायची तर आधी सीमारेषा आखता येतात. मिरची पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आली. त्याआधी तांबडा असूच शकत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’मध्ये मांसाचे कितीतरी प्रकार आहेत, पण मिरची नाही. काजूही ब्राझीलचा, त्याच जहाजांतून आलेला. म्हणजे काजू घातलेला आजचा पांढराही तेवढाच अलीकडचा.

खालची सीमा अशी पक्की, वरच्यासाठी कागद हवेत. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे आणि संस्थानी कागद वाचायचे तर मोडी शिकावी लागते. पण समजा खरेदीच्या यादीत बकरा, नारळ आणि खसखस एकाच दिवशी सापडले, तरी हर्षवायू होऊ देऊ नका. नारळ मोदकाला लागतो आणि खसखस अनारशाला.