मेंदूची घडण कशी दिसू लागली

श्रोतेहो, आपल्या डोणगावच्या शिवारात बी उगवले नाही तर माती उकरून पाहता येते. आईच्या पोटातले बाळ असे कोण उकरून पाहणार? म्हणून मूल उशिरा बोलले, शिकण्यात मागे पडले, की गावाने ठरवून टाकले : आईने ग्रहण पाळले नसेल! शिकलेल्यांनीही कमी केले नाही. 1967 साली अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइम यांनी ग्रंथ लिहून स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, दोष मायेच्या अभावावर टाकला. तेथेही बोट आईकडेच वळले.

हा अंधार उजळण्याची सुरुवात झाली बेडकापासून. 1962 साली इंग्लंडात जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून ते, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले. त्यातून पोहणारी पिले निपजली! आतड्याची झालेली पेशी सगळे शरीर घडवण्याची विद्या विसरली नव्हती. पुढे 2006 साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या कातडीच्या पेशीत अवघी चार जनुके घालून तिची पुन्हा मूलपेशी केली, म्हणजे कोणतीही पेशी बनू शकणारी पेशी. वर्षभरात माणसाच्या पेशीवरही हे साधले. 2012 चे नोबेल दोघांना मिळून मिळाले.

आता 2013 सालचे व्हिएन्ना शहर. जन्मतः डोके फार लहान असलेल्या एका रुग्णाच्या कातडीपासून मॅडलिन लँकॅस्टर, युर्गन क्नोब्लिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूलपेशी केल्या व त्यांतून मेंदूच्या पेशींचा मुगाएवढा गोळा वाढवला. (हा काही विचार करणारा मेंदू नव्हे, त्यात रक्तवाहिन्यासुद्धा नाहीत.) पण बिघाड डोळ्यांना दिसला. मेंदूची वाढ करणाऱ्या पेशी वेळेआधीच पक्व होऊन संपत होत्या. बियाणेच दळून खाल्ले तर पेरायचे काय? दोष एका जनुकात होता.

आपल्या मुंबईतही, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, प्रा. शुभा टोळे मेंदूच्या याच घडणीचा अभ्यास करीत आल्या आहेत. उंदराच्या गर्भात एक जनुक नसले तर मेंदूच्या बाह्य थराच्या पेशी आपली ओळखच बदलतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेने 2008 साली दाखवले.

सगळ्या विकारांचे मूळ असे हाती आलेले नाही. आणि पाहता येणे म्हणजे बरे करता येणे नव्हे. गुरुजींनी पालकांना हे जरूर सांगावे, कारण ऑटिझमवर 'स्टेम सेल'ची सुई देतो म्हणून लाखोंची मागणी होते आणि एखादा बाप वावर विकायला निघतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज असा उपचार केवळ मंजूर चाचणीतच देता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.