काळ्या रानातले शॉकअप

आमच्या घरात आधी भाता होता, गॅरेज नंतर आलं. जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीत वडील बैलगाडीच्या चाकांना धाव चढवायचे, कुळवाच्या पासा पाजवायचे. राजदूत मोटरसायकल दारात उभी राहिली तेव्हा त्यांना ती परकी वाटली नाही, आणि त्याला कारण होतं.

एस्कॉर्ट्सने १९६२ पासून पोलंडच्या एसएचएल कंपनीच्या नमुन्यावर ही गाडी बनवली. तिला पुढे नळीतले फोर्क नव्हते. मागच्यासारखाच पुढेही चाक धरणारा चिमटा होता आणि दोन बाजूंना दोन शॉकअप. अर्ल्स नावाच्या इंग्रजाची ही रचना. बीएमडब्ल्यूनेही १९५५ पासून ती वापरली. सगळे सांधे उघड्यावर. बुश कुठे झिजला, पट्टी कुठे वाकली, हे लोहाराच्या नजरेला लगेच दिसायचं. आमच्या भागातल्या दूधवाल्यांनी ही गाडी एवढी का वापरली, याचं मोठं उत्तर मला इथेच दिसतं.

कारण रस्ते तसेच होते. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वर मुरूम टाकला तरी खालून बसते. १९७६ मध्ये जायकवाडीचं लोकार्पण झालं, डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला. उसाच्या गाड्यांनी चाकोऱ्या आणखी खोल केल्या. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली गाडी त्या चाकोरीत आदळली की मागच्या शॉकअपचा कान तुटायचा. चिमटा वर जायचा, टायर मडगार्डला घासायचा, आणि जांबसमर्थच्या बाजूला भर रानात माणूस अडकायचा.

त्यावरचा इलाज वडिलांनी बैलगाडीवरून घेतला. आधी कॅन उतरवायचे. मग बाभळीचा ठोकळा चिमटा आणि चेसिसच्या मध्ये बसवून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळायचा. मात्र ठोकळा मापताना सीटवर माणूस बसलेला हवा, हे ते हटकून सांगत. चिमटा खाली-वर झाला की चेन ताणते किंवा सैल होते. रिकाम्या गाडीचं माप घेतलं तर चेन चुकीच्या ताणावर अडकते आणि वाटेत तुटते किंवा उतरते. शिवाय एकच शॉकअप शाबूत असेल तर चिमटा पिळला जातो, म्हणून दुसऱ्या बाजूलाही ठोकळा घालायचाच. अशी गाडी पायी चालल्याच्या वेगाने घरी आणायची.

१९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि हळूहळू गावोगावी पोचली. पुढचे फोर्क नळीचे, आत तेल. सील फाटलं की तेल खाली ओघळतं आणि झटका सरळ मनगटात बसतो. इथे ठोकळ्याचं काम नव्हतं. ब्रेकवर तेल जाऊ नये म्हणून नळीला फडकं गुंडाळायचं, पुढचा ब्रेक जपून मारायचा आणि सीलसाठी जालन्याची वाट धरायची. भात्याचा काळ तिथे संपला.

आता तरुणांच्या गाड्यांना मागे एकच शॉकअप असतो, तोही आत दडलेला. तो गेला की बहुतेक जण टेम्पो बोलावतात. ठोकळा तिथेही बसवता येतो, फक्त जागा शोधावी लागते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी राजदूतचा जुना चिमटा खोलायला देतो. भार कुठून कुठे जातो ते त्यावर हाताला कळतं. मोनोशॉक त्यानंतर.